अक्षय्य तृतीयेचा विसार

वैशाख शुद्ध तृतीयेचा दिवस उजाडला की घरोघरी मातीचे नवे घट येतात, त्यांत वाळा घातलेले गार पाणी भरले जाते, पितरांच्या नावे उदककुंभाचे दान होते, आणि महिनाभर चाललेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची त्या दिवशी सांगता होते. आमच्या लहानपणी या तिथीचा थाट एवढाच. आता मात्र सकाळी वर्तमानपत्र उघडावे तो पानेच्या पाने घरांच्या जाहिरातींनी भरलेली. कुठे शुभमुहूर्तावर नोंदणी करणाऱ्यास सोन्याचे नाणे, कुठे स्वयंपाकघराची मांडणी मोफत. जे जे या दिवशी घ्यावे ते अक्षय्य होते, ही श्रद्धा जुनी आहे. तिच्यावर घरांची दुकानदारी मात्र अलीकडची.

दरवर्षी चैत्र संपत आला की आमच्याकडे माणसे येतात. "बुवा, तृतीयेला सदनिकेची रक्कम भरायची आहे, वेळ कोणती धरू?" आम्ही पंचांग पाहून वेळ सांगतो. साडेतीन मुहूर्तांतला हा एक. त्यांतला अर्धा कोणता याविषयी मतभेद असले तरी हा दिवस शुभ आहे याविषयी नाहीत. मात्र २०२२ सालापासून आम्ही वेळ सांगण्यापूर्वी विचारणाऱ्यालाच एक प्रश्न करू लागलो आहोत : कागद कोणी पाहिले? बहुतेक जण हसतात. हरिकथा करणाऱ्या माणसाने कागदांची चौकशी करावी याचे त्यांना नवल वाटते. ते नवल फिटावे म्हणून आमची स्वतःची फजिती येथे सांगत आहोत.

पंढरपुरात आमचा आजोबांच्या वेळचा वाडा होता. पुढे ओसरी, मधे चौक, मागे परसू आणि आड. वडील १९८९ साली गेले, आई २००४ साली. आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. थोरली अक्का पुण्यास, धाकटी सोलापूरला. धाकटे बंधू नोकरीनिमित्त नाशिकला गेले ते तिकडचेच झाले. वाड्यात उरलो आम्ही आणि आमचे कुटुंब. माळवदाची गळती, जिन्याच्या उंच पायऱ्या आणि आमचे गुडघे या तिघांचे जमेना, तेव्हा वाडा विकून गावाच्या नव्या भागात एखादी आटोपशीर सदनिका घ्यावी असे ठरले. गिऱ्हाईकही घरबसल्या चालून आले. गृहस्थ सज्जन होते, किंमत बरी होती, आणि अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती.

त्या वर्षी तृतीया ३ मे रोजी आली. बसवजयंती तर त्या तिथीलाच असते. त्या वर्षी रमजान ईदही त्याच दिवशी पडली. कार्यालये अर्थातच बंद. पण मुहूर्त चुकवायचा कसा? देवापुढे पाट मांडला, श्रीफळ ठेवले, आणि गृहस्थांनी एकावन्न हजार रुपये रोख पाकिटात घालून आमच्या हाती दिले. आम्ही एका कागदावर विसारपावती लिहून दिली. अक्षर वळणदार, आरंभी 'श्री', शेवटी आम्हा दोघा बंधूंच्या सह्या. बहिणींची आठवण आम्हांला झाली नाही असे नाही. झाली ती अशी, की भाऊबीजेला त्यांना या पैशांतून काहीतरी घसघशीत द्यावे.

वर्तमानपत्रातील चार ओळी

घेणाऱ्याच्या वकिलांनी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली : अमुक मिळकत आमचे पक्षकार खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास चौदा दिवसांत कळवावे. चारच ओळी. त्या सोलापूरच्या बहिणीने सकाळच्या चहाच्या वेळी वाचल्या. दुपारी तिचा दूरध्वनी आला. ती रागावली असती तर आम्हांला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "दादा, आईचं घर विकायला काढलंस ते मला पेपरात वाचून कळावं?"

गेली चाळीस वर्षे आम्ही कीर्तनात द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीचे आख्यान लावतो. श्रोत्यांचे डोळे पुसून होतात तोवर आमचेही भरून येतात. त्या दुपारी मात्र आमच्याजवळ एक वाक्य नव्हते.

याच सुमारास एका स्नेह्यांनी आमची गाठ एका वृद्ध मध्यस्थांशी घालून दिली. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, घरांच्या खरेदीविक्रीची दलाली करण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. 'दलाल' शब्दाचा आमच्या मनात जो काही दर्प होता तो त्यांच्या पहिल्याच वाक्याने उतरला. ते म्हणाले, "बुवा, आधी माझी दलाली ठरवा. किती, कोणाकडून आणि केव्हा द्यायची, ते कागदावर लिहा. ज्या मध्यस्थाला हे लिहून द्यायला जड जातं त्याला दारातूनच नमस्कार करावा." आपल्याकडे दलाली बहुधा एक ते दोन टक्के असते आणि पुष्कळदा ती दोन्ही बाजूंनी घेतली जाते, ती कोण किती देणार हे आधी न ठरल्याने शेवटच्या दिवशी होणारे तंटे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

मग त्यांनी विसारपावती मागितली. वाचली. चष्मा काढून पुसला. "अक्षर छान आहे," म्हणाले, "पण पैसे परत करा." आम्ही चकित. त्यांनी सांगितले ते असे : स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकराच्या कायद्याने २०१५ पासून मनाई आहे आणि दंड होतो तो घेतलेल्या रकमेइतका. विसार धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावा. दुसरे असे, की व्यवहार मोडला तर विसार कोणाचा, किती दिवसांत परत, कोणत्या कारणाने जप्त, यातले अवाक्षरही आमच्या वळणदार पावतीत नव्हते. आणि तिसरे, ते त्यांनी सर्वांत हळू आवाजात सांगितले : "चौघांच्या मालकीची वस्तू तुम्ही दोघांनी विकायला घेतली आहे."

वडिलांच्या पश्चात नगरभूमापन कार्यालयात वारसनोंद झाली तेव्हा मिळकतपत्रिकेवर आम्हा दोघा भावांचीच नावे लागली होती. कोणी कोणाला फसवावे म्हणून नव्हे. त्या काळी तसेच होत असे आणि कोणी विचारीत नसे. पण पत्रिकेवर नाव नाही म्हणून हक्क नाही असे होत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पित्याच्या हिश्शात कन्येला वारस केलेच होते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला पुत्राप्रमाणे जन्मतः हक्क दिला. आणि ही दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, कन्येचा हा हक्क कायमच राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. आम्ही शास्त्र सांगणारे. हे शास्त्र आम्हांला ठाऊक नव्हते.

सहा गोष्टींनी जाणारी भूमी

त्या रात्री आम्ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा काढून बसलो. विज्ञानेश्वराने ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून सहज जाऊन येण्याच्या अंतरावर. या टीकेत एक जुने वचन विचारास घेतले आहे. त्याचा आशय असा की भूमी एका हातून दुसऱ्या हाती जाते ती सहा गोष्टींनी : ग्रामाची संमती, ज्ञातींची, शेजाऱ्यांची, दायादांची, आणि मग सुवर्ण व उदक यांचे दान. हे वचन आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते. त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण देवापुढे पाकीट घेताना ते आठवले नाही.

विज्ञानेश्वराचे विवेचन पाहिले तर आज कोणा अनुभवी वकिलाने बोलावे तसे ते रोखठोक आहे. ग्रामाची संमती कशासाठी? ती नसेल तर व्यवहार बुडतो म्हणून नव्हे, तर व्यवहार सर्वांदेखत, उघड्यावर व्हावा म्हणून. म्हणजे जिला आम्ही वकिलांची नसती उठाठेव समजलो ती वर्तमानपत्रातील नोटीस हीच ग्रामसंमती! सामंत म्हणजे लगतचे शेजारी. त्यांची संमती सीमेचा वाद पुढे उद्भवू नये म्हणून. आजच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ती याचसाठी. आणि दायाद, म्हणजे वाटेकरी, यांच्या संमतीचे प्रयोजन सांगायलाच नको. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की मिताक्षरेने जन्मसिद्ध वाटेकरी म्हणून पुत्रपौत्रच धरले. कन्येला त्या पंक्तीत बसविले ते आपल्या काळच्या कायद्याने. विज्ञानेश्वर आज असता तर त्याने दायादांच्या व्याख्येत एक ओळ वाढविली असती असे आम्ही म्हणतो. यावर आमच्या काही विद्वान मित्रांचे मत वेगळे आहे. असो.

सीमेचा विषय निघालाच आहे तर मनूचेही ऐका. व्यवहाराची जी अठरा पदे त्याने सांगितली त्यांत सीमाविवाद हे एक आहे. गावच्या सीमेवर वड, पिंपळ यांसारखे वृक्ष लावावेत, एवढे सांगून तो थांबत नाही. वरची खूण माणसे पुसतात हे त्याला ठाऊक होते. म्हणून जमिनीत लवकर न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात असे तो सांगतो : दगड, हाडे, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे. वृद्ध मध्यस्थांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "मग मोजणी करून घेऊ या." भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज गेला, मोजणीदार आले, आणि आमच्या परसूचा पश्चिमेकडील एक हात रुंदीचा पट्टा पत्रिकेप्रमाणे आमचा नाहीच असे निघाले. तीन पिढ्या आम्ही त्यावर तुळस लावीत होतो. तो पट्टा धरून किंमत ठरली होती. ती तेवढ्यापुरती कमी करावी लागली. उद्या घेणाऱ्याला ते कळले असते तर त्याने आम्हांला लबाड म्हटले असते, आणि ते त्याचे म्हणणे खोडता आले नसते.

क्रयविक्रयानुशय हे अठरांतले आणखी एक पद. विकत घेऊन किंवा विकून पश्चात्ताप झाला तर दहा दिवसांच्या आत वस्तू परत करावी वा परत घ्यावी अशी मुभा मनूने दिली आहे. आम्ही विसार परत केला तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते, तरी घेणाऱ्या गृहस्थांनी कुरकुर केली नाही. व्यवहार मोडला असे आम्ही समजलो होतो. ते म्हणाले, "बुवा, कागद नीट झाले की मी आहेच." त्यांच्या ठायी दुसरा कोणी असता तर आम्हांला कोर्टाची पायरी दाखविता.

सोलापूरची वारी

मध्यस्थांनी आम्हांला वकिलाकडे धाडले नाही. आधी सोलापूरला धाडले. "हक्कसोडपत्राचा कागद बरोबर नेऊ नका," त्यांनी बजावले. "रिकाम्या हातांनी जा. आणि पुण्याच्या अक्कांनाही तिथंच बोलवा." त्यांचे म्हणणे असे की राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला जेवणे झाल्यावर पानसुपारीबरोबर कागद पुढे करून बहिणीची सही घेतात, ती घरे त्यांनी मोडताना पाहिली आहेत. सही देणारी हसून देते आणि पुढे माहेरी यायची थांबते.

आम्ही गेलो. चूक झाली असे म्हणालो. धाकटी काही बोलली नाही, तिने पानात वाढले. अक्का म्हणाली, "मला काही नको, मी सोडून देते, माझी मुलं मार्गाला लागलीत." आम्हांला हायसे वाटले हे लपविण्यात अर्थ नाही. पण परत आल्यावर मध्यस्थांना ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अक्कांना महिनाभर थांबायला सांगा. मुलांशी बोलू द्या. मग सोडायचं तर सोडू द्या; पण ते दुय्यम निबंधकांपुढे नोंदवलेलं हवं, घरच्या चिठ्ठीवर नको." महिन्याने अक्काचा निरोप आला की तिलाही हिस्सा हवा आहे. थोरल्या नातीच्या शिक्षणाला तो लागणार होता. धाकटीला तर पहिल्यापासून हवा होता आणि तिने तो स्पष्ट मागितला. चौघांचे चार सारखे वाटे झाले. घरात दोन दिवस कोणी मोकळेपणी बोलले नाही, कारण आम्ही जी सदनिका मनात धरली होती ती अर्ध्याऐवजी चतुर्थांशात बसत नव्हती. तिसऱ्या दिवशी आमचे कुटुंब म्हणाले, "दोन खोल्यांची पाहू. झाडायला तेवढीच कमी." विषय संपला.

ग्रामसंमतीचा आणखी एक प्रकार आमच्या वाट्यास आला, तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. आषाढीला एका गावची दिंडी तीन पिढ्या आमच्या ओसरीवर उतरत असे. भाडे नाही, कागद नाही; जाताना आईच्या हाती शेंगांचे गाठोडे ठेवीत, एवढेच. घेणाऱ्याच्या वकिलांनी विचारले, यांचा काही हक्क? मध्यस्थ म्हणाले, वस्तीचा हक्क नाही, पण सांगितल्यावाचून दार बंद करू नका. आणि भाडेकरू, वहिवाटदार, पुजारी, कोणीही वास्तूत असेल तर घेणाऱ्याला ते आधी लेखी कळवा. त्या वर्षी १० जुलैला एकादशी होती. दिंडी नेहमीप्रमाणे आली, नेहमीप्रमाणे उतरली. काल्याच्या दिवशी आम्ही विणेकऱ्यांना सांगितले. ते वयाने आमच्याहून थोर. त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला आणि विचारले, "मग आड बुजवणार का हो?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने

विकणारे म्हणून आमची झाली ती फजिती झाली; घेणारे म्हणून आम्ही पुष्कळसे वाचलो, कारण तोवर मध्यस्थांचे बोट धरले होते. त्यांच्याबरोबर आम्ही नऊ घरे पाहिली. ते घरात शिरल्यावर दिवाणखान्याकडे पाहतच नसत. आधी नळ सोडून पाहत, मग भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांवरून तळहात फिरवीत, मग खाली जाऊन पहारेकऱ्याशी तमाखू मळीत पाण्याचा टँकर किती वेळा येतो ते काढून घेत. एकच घर तीनदा पाहावे असे त्यांचे मत : सकाळी पाण्याच्या वेळी, रात्री निजानीज झाल्यावर, आणि जमल्यास मुसळधार पावसात. "उन्हाळ्यात सगळी घरं कोरडी असतात, बुवा." अक्षय्य तृतीया भर उन्हाळ्यात येते हे येथे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कागदांचे म्हणाल तर मालकीचा निदान तीस वर्षांचा शोध वकिलांकरवी दुय्यम निबंधकांच्या दप्तरी घ्यावा, अशी जुनी रीत आहे आणि ती मोडू नये. सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावरून पूर्वीचे व्यवहार कळतात. आजूबाजूची घरे खरोखर किती रुपयांना गेली हेही त्यावरूनच कळते. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो. विकणाऱ्यानेही किंमत ठरविताना हेच उतारे पाहावेत, शेजाऱ्याने पानाच्या दुकानात सांगितलेला आकडा नव्हे. शंभर रुपयांहून अधिक मोलाच्या स्थावराचे खरेदीखत नोंदविलेलेच असावे लागते, हा १९०८ चा नोंदणी कायदा. नोटरीचा लाल शिक्का कितीही गोंडस दिसला तरी त्याने मालकी येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस हजर करावा लागतो. आमच्या परिचयातील एका भाविक कुटुंबाने तीर्थाच्या गावी गुंठाभर जागा अशाच नोटरीच्या कागदावर घेतली. सातबाऱ्यावर त्यांचे नाव आजही लागलेले नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर १९४७ च्या कायद्याने निर्बंध घातले आणि त्याचे नियम मधून मधून बदलत आले; तेव्हा गुंठेवारीतील जागा घेण्यापूर्वी ती अकृषिक आहे काय, आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा तर नाही ना, हे तलाठ्याकडे विचारावे. तसा शेरा असेल तर विक्रीवर शासकीय निर्बंध असतात.

नव्या इमारतीत घर घेणाऱ्यास २०१६ च्या कायद्याने बरेच संरक्षण दिले आहे. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण महारेरा २०१७ पासून काम करते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक त्याच्या संकेतस्थळावर घालून पाहावा; मंजूर आराखडा, ताब्याची तारीख, चालू दावे, सारे तेथे दिसते. घरात कोणी शिकलेली नात असली की काम पाच मिनिटांचे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्याला मागता येत नाही. क्षेत्र मोजायचे ते चटईक्षेत्र. जिना, गच्ची, व्हरांडा मिळवून फुगविलेला आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष निघाला तर तो बांधणाऱ्याने पदरमोड करून दुरुस्त करायचा असतो. अशा प्रकल्पातील घर विकणाऱ्या मध्यस्थालाही महारेराची नोंदणी लागते. आमच्या वृद्ध स्नेह्यांनी ती घेतली होती आणि तिची प्रत खिशात घडी करून ठेवली होती, कोणी मागो वा न मागो.

भोगवटा प्रमाणपत्राविषयी ते फार कडक होते. एक घर आम्हांला मनापासून आवडले होते. पूर्वेला खिडकी, खिडकीत कडुनिंब, देवघराला आयती जागा. बांधणाऱ्याचे माणूस म्हणाले, "प्रमाणपत्र येईलच, आजच्या मुहूर्ताला पैसे भरा, भाव वाढणार आहे." मध्यस्थ उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ज्याला आजच पैसे हवेत त्याला उद्या तुमचं तोंड नको असतं." ते घर आम्ही सोडले. कडुनिंब अजून आठवतो.

जुन्या सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि मूळ भागपत्र पाहावे, आणि इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय हे विचारावे. विकणाऱ्याचे कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. छायाप्रतींवर विसंबून विसार देऊ नये. मुद्रांकशुल्क करारातील किंमत आणि शासनाचा वार्षिक मूल्यदर यांतील जी मोठी रक्कम तिच्यावर पडते, म्हणून किंमत कमी लिहून शुल्क वाचविण्याचा उपदेश कोणी केला तर तो ऐकू नये. घरातील स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमची दोन खोल्यांची सदनिका आमच्या कुटुंबाच्या नावे झाली ती अशी. दारावरची पाटी मात्र अजून आमच्याच नावाची आहे, यावर घरात विनोद होतात.

वाड्याच्या खरेदीखताचा दिवस ठरला तो भाद्रपद वद्यात, ऐन पितृपंधरवड्यात. घेणाऱ्यांच्या बँकेची कर्जमंजुरी त्यापुढे टिकणार नव्हती. गृहस्थ संकोचाने म्हणाले, "बुवा, तुम्हांला हे दिवस चालतील का?" मंगलकार्य या पंधरवड्यात टाळावे हे आम्ही मानतो. पण खरेदीखताची सही हे मंगलकार्य नव्हे, तो व्यवहार आहे. आणि आजोबांच्या वास्तूचा हिशेब त्यांच्या चारही नातवंडांनी एकत्र बसून पुरा करावा याला पितरांच्या पंधरवड्याहून योग्य दिवस आम्हांला तरी सापडला नाही. गृहप्रवेश त्यांनी पुढे दसऱ्याला करावा, असे आम्हीच सुचविले.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात चौघेही गेलो. मिळकतपत्रिकेवर तोवर बहिणींची नावे लागली होती. अंगठ्याचे ठसे, छायाचित्रे, सह्या. अक्काचा ठसा यंत्राला उमटेना. जन्मभर भांडी घासून बोटे गुळगुळीत झालेली. चार वेळा पुसून लावला तेव्हा उमटला. चारही धनादेश आम्ही घेतले, पण वाड्याची किल्ली मध्यस्थांनी आमच्या हातून काढून स्वतःच्या खिशात टाकली होती. पैसे चौघांच्या खात्यांत जमा झाल्याचे संदेश येईपर्यंत त्यांनी ती दिली नाही. तीन दिवसांनी दिली. धाकटी त्यासाठी सोलापूरहून पुन्हा आली होती. तिने परसूतली तुळस कुंडीत काढून घेतली, आडातले तांब्याभर पाणी काढून उंबऱ्यावर घातले, आणि किल्ली तिच्याच हातून त्या गृहस्थांच्या हाती गेली.